डावी कुपी

आर्या आणि नील,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर नीलने मला विचारलं, "आजी, माझ्या शर्टवरची अक्षरं मला स्क्रीनवर उलटी दिसतायत. तुला कशी दिसतायत?" मी सांगितलं, मला सरळ दिसतात. त्यावर तो म्हणाला, "मग खरा नील कोणता? तुझ्याकडचा की माझ्याकडचा?" तेव्हा मी नुसती हसले. पण याच प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी मला एकतीस वर्षं पगार मिळत होता. नंतर आर्याने तुमच्या बाबाच्या मुरगळलेल्या पायासाठी आणलेल्या गोळ्यांची बाटली कॅमेऱ्यासमोर धरली आणि त्यावरचं 'नॅप्रॉक्सेन' हे नाव वाचून विचारलं, "हेच का गं तुझ्या फॅक्टरीतलं?" हो, हेच.

इथल्या एका दिवाळी अंकाचे संपादक दोन वर्षांपासून माझ्या मागे आहेत. "मॅडम, प्रयोगशाळेच्या आठवणी लिहा, बायका वाचतील, पोरी वाचतील." मी त्यांनाही हेच पाठवणार आहे. मी कधी नोकरीला लागले आणि कधी बढती मिळाली, ते माझ्या फाइलमध्ये तारखांसकट आहे. कुणाला हवंच असेल तर तिथे पाहावं. तुम्हाला मी एकच आठवडा सांगणार आहे, आणि त्यातही मुख्यतः एका गुरुवारची दुपार. तुमचा बाबा तुम्हाला हे वाचून दाखवेल. त्यालाही यातलं फारसं माहीत नाही.

आधी काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही.

पौर्णिमेला आपल्या विहाराच्या दारात चपलांचा ढीग पडतो, तो आर्याला आठवत असेल. समजा, त्या सगळ्या चपला एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या आणि एकाच दुकानातल्या आहेत. तुमचे डोळे बांधलेत आणि त्यातल्या फक्त उजव्या वेगळ्या काढायच्यात. वजन करून कळणार नाही, कारण वजन सारखंच. पाण्यात बुडवून किंवा विस्तवावर धरून कळणार नाही, कारण दोन्ही सारख्याच भिजतात आणि सारख्याच जळतात. एकच उपाय उरतो: आपला उजवा पाय घालून पाहायचा. बसली तर उजवी.

औषधांचे पुष्कळ रेणू असेच उजव्या-डाव्या जोडीने बनतात. रिॲक्टरमध्ये, म्हणजे आमच्या त्या मोठ्या पोलादी टाकीत, दोन्ही अर्धे-अर्धे तयार होतात. माणसाचं शरीर मात्र एकाच बाजूचा पाय आहे. नॅप्रॉक्सेनचं एक रूप गुडघ्याचं दुखणं थांबवतं. त्याचं आरशातलं रूप थांबवत नाही, वर यकृताला बाधतं, असं आम्हाला शिकवलेलं होतं. शास्त्रात या रूपांना वेगळी नावं आहेत. आमच्या कारखान्यात कामाचं ते 'उजवं' आणि नको ते 'डावं'. सगळा कारखाना यासाठी होता की उजवं ड्रममध्ये जावं आणि डावं मागे राहावं.

डावं मागे ठेवायचं काम देविदास दिघोरे यांचं.

देविदासजी वरठीजवळच्या एका खेड्यातून मोटरसायकलवर यायचे. ढिवरांचं घर, वडील तलावात जाळं टाकणारे. शाळा दहावीपर्यंत. साखरेपासून बनवलेलं एक रसायन टाकलं की ते उजव्याशी जोडी जमवतं आणि ती जोडी हळूहळू दाणे धरून तळाशी बसते. डावं वरच्या द्रावणात राहतं. दाणे नीट धरावेत म्हणून आधीच्या चांगल्या बॅचचे मूठभर दाणे आत टाकतात, दह्याला विरजण लावतात तसे. मग टाकी थंड करायची, पण सावकाश, सात-आठ तास घेऊन. घाई झाली तर दाणे पिठासारखे बारीक होतात आणि डावं त्यांच्यात अडकून खाली येतं. देविदासजी हे सगळं टाकीच्या काचेतून पाहून करत. थर्मामीटर होताच, पण ते आधी काचेवर तळहात ठेवायचे आणि मग थर्मामीटरकडे पाहायचे.

"दाणा मोठा असला का सफा राह्यते, मॅडम," ते म्हणायचे. "बारीक दाण्यात गाळ राह्यते. जाळ्याचंबी तसंच हाय."

त्यांनी वेगळं केलेलं खरंच वेगळं झालं की नाही, हे तपासायचं काम माझं. प्रयोगशाळा प्रमुख म्हणून शेवटची सही माझी, आणि त्या सहीशिवाय एकही ड्रम गेटबाहेर जात नसे.

माझं यंत्र म्हणजे एक पंप, आणि त्याला जोडलेली वीतभर लांबीची पोलादी नळी. तिला कॉलम म्हणतात. तिच्या आत भुकटी ठासून भरलेली असते, आणि त्या भुकटीवर उजवे पाय लावलेले असतात असं समजा. चपलांची गर्दी एका टोकाने आत सोडली की डाव्या चपला कुठे न अडकता आधी बाहेर पडतात. उजव्या जागोजागी पायात बसतात, निघतात, पुन्हा बसतात, म्हणून उशिरा पोचतात. बाहेर येताना त्यांची कागदावर रेघ उमटते. चांगल्या बॅचच्या कागदावर आधी डाव्याची एक लहानशी टेकडी आणि मग उजव्याचा मोठा डोंगर. ती टेकडी किती मोठी, यावर बॅचचं भवितव्य.

आमच्या कपाटात एक गडद तपकिरी कुपी होती. तिच्यात निव्वळ डावं होतं. एका उन्हाळ्यात देविदासजी आणि मी मिळून ते टाकून द्यायच्या द्रावणातून काढलं होतं. पुन्हा-पुन्हा दाणे धरवायचे आणि पुन्हा गाळायचे. जगात कुणाला नको असलेली ती वस्तू शुद्ध करायला आम्हाला दोन महिने लागले. देविदासजी हसायचे, "मॅडम, लोक सोनं शुद्ध करतेत, आपण कचरा शुद्ध करून राहिलो." पण माझा नियम होता: नवा कॉलम आला की आधी त्यातून डाव्या कुपीतला थेंब सोडायचा. नको ते कुठे दिसतं हे आधी पाहायचं, मगच हवं ते तपासायला घ्यायचं. हा नियम मी केला, मी लिहिला आणि भिंतीवर लावला. प्रत्येक नव्या माणसाला तोंडपाठ करायला लावला.

वह्यांचाही एक नियम होता, आणि तो सगळ्याच औषध कारखान्यांत असतो. चुकलं तर खोडून काळं करायचं नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही-तारीख. कोरी ओळ ठेवायची नाही. राहिलीच तर तिच्यावर तिरकी रेघ मारून सही करायची, म्हणजे मागाहून कुणी तिथे काही घुसडणार नाही.

आता तो आठवडा.

सोमवारी थंड पाण्याचा व्हॉल्व्ह अडकला आणि उघडाच राहिला. सात तासांत व्हायचं ते पाऊण तासात झालं. देविदासजींनी टाकी बंद केली आणि बॅच अडवून धरली. त्यांचं म्हणणं, हे दाणे पुन्हा गरम करून विरघळवा आणि नव्याने धरवा. त्यात पूर्ण एक पाळी वाया जाणार होती, आणि माल त्याच आठवड्यात गोळ्या बनवणाऱ्या कंपनीत पोचायचा होता. कारखान्याचे मॅनेजर वंजारी साहेब खाली आले. त्यांचा आवाज वरच्या मजल्यावर माझ्यापर्यंत येत होता.

"दिघोरे, तुले कोणी सांगतलं माल खराब आहे म्हणून?"

"दाणे पाहा ना जी साहेब."

"दाणे पाहून औषध पास होते काय? मंग वर लॅब कायले ठेवली? आरती करायले?"

नमुना वर आला. जुना कॉलम शनिवारीच तुंबला होता, आणि खरेदी विभागाने मागवलेला नवा त्याच सकाळी हातात पडला होता. मी तो लावला. रोजची तपासणी केली, म्हणजे अर्धं उजवं आणि अर्धं डावं असं मिश्रण सोडून पाहिलं. दोन सुरेख सारखे डोंगर आले, अगदी वेगळे. कॉलम उत्तम आहे असं मी ठरवलं. खालून दोनदा फोन आला होता. डावी कुपी कपाटात होती, किल्ली माझ्या कमरेला होती, आणि तपासणीला लागली असती वीस मिनिटं.

मी ती वीस मिनिटं वाचवली.

बॅचच्या कागदावर मोठा डोंगर नेहमीपेक्षा दीड मिनिट आधी आला. नवा कॉलम थोडा वेगळा चालतोच, मी मनाशी म्हटलं. डोंगराच्या आधी, जिथे टेकडी दिसायची, तिथे रेघ सपाट होती. इतकी सपाट मी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. खरं म्हणजे तिथेच थांबायला हवं होतं. निसर्ग कधी पूर्ण शून्य देत नाही, हे मी दुसऱ्यांना शिकवत आले होते. मी इंग्रजीत लिहिलं: आढळले नाही. आणि सही केली.

अर्ध्या तासाने देविदासजी वर आले. हातात एक्स-रेची जुनी काळी फिल्म होती. तिच्यावर दोन चिमटी पांढरे दाणे, शेजारी-शेजारी.

"मॅडम, एक मिनिट. हे मागच्या बॅचचे, आन् हे आजचे. काळ्यावर चांगले दिसतेत म्हणून बायकोच्या गुडघ्याचा फोटो घेऊन आलो. थे हेच गोळी खाते, रोज."

मी स्क्रीनकडे पाहत होते. पुढचा अहवाल टाइप करत होते.

"देविदासजी, रिपोर्ट गेला. शून्य आलंय."

"हो जी, साहेबांनी सांगतलं. मशीन खोटं नाही बोलत, मले माहीत हाय. पण एक वेळ डोळ्यानं पाहा ना."

"डोळ्याला उजवं-डावं दिसत नाही. म्हणून तर मशीन आहे."

मी मान वळवली तेव्हा दार हलत होतं.

मुलांनो, मी वरठी स्टेशनच्या पार्सल क्लार्कची मुलगी. माझ्या बाबांनी मला नागपूरला इंग्रजी शाळेत ठेवलं, एम.एस्सी. केलं. आमच्या वस्तीतून तिथवर गेलेली पहिली मुलगी मी. कागदावरच्या आकड्याने मला वर आणलं होतं. जात विचारणाऱ्या, आडनाव विचारणाऱ्या लोकांसमोर मी मार्कांचा कागद ठेवायची. त्यामुळे कागदावर माझा जरा जास्तच विश्वास होता. देविदासजींना मी कधी तोडून बोलले नव्हते, पण त्यांच्या तळहातापेक्षा माझा कागद वरचा, हे मी कधी तपासूनही पाहिलं नव्हतं.

मंगळवारी देविदासजींना नोटीस मिळाली. विनाकारण उत्पादन अडवलं, प्रयोगशाळेचा अहवाल असताना हट्ट केला. खुलासा गुरुवारी पाच वाजता, साहेबांच्या खोलीत. सगळ्यांना कळलं होतं की खुलासा नावापुरता आहे. त्यांना टाकीवरून काढून गोदामात टाकायचं ठरलं होतं. टाकीवरचा माणूस म्हणजे कारखान्याचा कारागीर, आणि गोदामातला म्हणजे ड्रम ढकलणारा. नोटिशीला माझा अहवाल जोडलेला होता.

बॅच पुढे गेली, सुकली, भरली गेली. गुरुवारी सकाळी मी त्याच कॉलमवर शेवटची तपासणी केली. पुन्हा शून्य. पुन्हा माझी सही.

गुरुवारची दुपार मी कपाटं आवरण्यासाठी ठेवत असे. वापरलेल्या प्रत्येक कॉलमचा रिकामा डबा मी जपून ठेवायची, लेबल समोर, क्रमाने. तुमची आजी कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. चमचेसुद्धा एकाच दिशेला तोंड करून ठेवते. सव्वातीन वाजता मी नव्या कॉलमचा डबा जुन्याच्या शेजारी ठेवला. तीच कंपनी, तोच रंग, तेच नाव, तीच लांबी. लेबलं एका रेषेत यावीत म्हणून मी डबा थोडा सरकवला, आणि नावाच्या शेवटी कंसात छापलेली दोन अक्षरं नजरेस पडली. जुन्या डब्यावर एक जोडी होती. नव्यावर दुसरी.

मी दोन्ही डबे उजेडात धरून ती अक्षरं पुन्हा वाचली.

हा कॉलम दोन प्रकारांत मिळतो. एकाच्या भुकटीवर उजवे पाय असतात, दुसऱ्याच्या भुकटीवर डावे. खरेदी विभागाकडून मागणीत एक आकडा चुकला होता आणि आमच्याकडे आरशातला कॉलम आला होता. त्यात सगळं उलट होणार: उजवं आधी निघणार, डावं मागून. मिश्रणात दोन्ही सारखेच असल्यामुळे तिथे दोन सुंदर डोंगर दिसणारच. त्यातला कोण कोणता हे मिश्रण सांगत नाही. ते फक्त डावी कुपी सांगते. आणि मोठा डोंगर आधी आला की त्याचा उतार लांबतो. मागून येणारी लहान टेकडी त्या उतारात गडप होते. मी ज्या जागी टेकडी शोधत होते, तिथे ती असणारच नव्हती.

जन्मभर मी लोकांना आरशापासून जपायला शिकवलं, आणि माझ्याच यंत्रात आरसा बसलेला होता.

मी सोमवारचे दोन कागद काढले, मिश्रणाचा आणि बॅचचा. एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. बॅचचा मोठा डोंगर मिश्रणातल्या पहिल्या डोंगरावर नेमका बसला. सोमवारी हे करायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

खिडकीतून खाली ट्रक दिसत होता. ड्रम चढले होते, ताडपत्री बांधणं चाललं होतं. चार वाजता निघणार होता.

मी वंजारी साहेबांना फोन केला.

"साहेब, ट्रक थांबवा. कॉलम उलट्या हाताचा आहे."

"म्हणजे? माल फेल आहे का?"

"असू शकतो."

"असू शकतो? मॅडम, सकाळी तुम्हीच सही केली. तिकडं उद्या सकाळी लाइन सुरू होऊन राहिली. डब्यावरची अक्षरं पाहून गाडी थांबवू का? मले पुरावा द्या."

"वीस मिनिटं द्या."

"चारपर्यंत द्या."

इथे मी जे केलं ते मला अजून टोचतं. माझी सही माझी होती. गेटवर जाऊन मी नुसतं म्हटलं असतं की सही मागे घेते, तर कायद्याने तो ट्रक हलू शकला नसता. पुराव्याची गरजच नव्हती. शंका पुरेशी होती. पण अर्धवट शंका घेऊन सगळ्यांसमोर उभं राहायची मला लाज वाटली. आधी खात्री करू, मग बोलू, असं मी ठरवलं. मी चुकले असं म्हणायलासुद्धा मला कागद हवा होता.

कपाट उघडलं. डावी कुपी काढली. घाईत दोनदा मोजमाप चुकलं. बॅचच्या द्रावणात डाव्याचा एक थेंब मिसळला आणि यंत्रात सोडला. घड्याळात तीन पन्नास.

स्क्रीनवर रेघ सरकायला लागली. पहिली सहा मिनिटं ती सपाट असते. मी खिडकी आणि स्क्रीन यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होते. खाली ड्रायव्हर इक्बालभाई टायर लाथेने तपासत होता. आठव्या मिनिटाला मोठा डोंगर चढायला लागला, शिखरावर पोचला, उतरायला लागला. उतार लांब, गुळगुळीत. नववं मिनिट. ट्रकचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. उतारावर रेघ थोडी थबकली. खाली जायची ती आडवी झाली, मग वर उचलली गेली. डोंगराच्या पाठीवर एक कुबड आलं.

सकाळचा कागद मी त्याच्याशेजारी धरला. त्याच जागी, उतारावर, एक बारीक सुरकुती होती. सोमवारच्या कागदावर तीच सुरकुती. तिला मी दोनदा पाहिलं होतं आणि दोनदा यंत्राची थरथर म्हणून सोडून दिलं होतं. अंदाजाने मोजलं तरी मर्यादेच्या बाहेर.

चार वाजून दोन मिनिटं झाली होती. गेट बंद होत होतं. ट्रक गेला होता.

मी जिन्याने धावत खाली आले. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मी धावू शकते हे मलाही तेव्हाच कळलं. ऑफिसातून इक्बालभाईला फोन लावला. घंटी वाजत राहिली. गाडी चालवताना तो फोन उचलत नसे, आणि त्याचा हा नियम कारखान्यानेच त्याला घालून दिला होता. टाकीजवळ देविदासजी स्वच्छ शर्ट घालून उभे होते. पाच वाजताच्या खुलाशासाठी घरून आणला होता.

"देविदासजी, दाणे खराब होते."

"मालूम हाय मले," ते हळूच म्हणाले. "ट्रक?"

"गेला. फोन उचलत नाही."

"इक्बाल वाटेत शहापूरले थांबून चहा पेते. पुलावर गर्दी असन तर अजून पोचला नसन." ते मोटरसायकलकडे निघाले आणि थांबले. "मॅडम, पाच वाजता माझी पेशी हाय. बिना गेटपासचा गेलो तर साहेब म्हणन, आता पळूनबी जाऊन राहिला."

माझ्या विभागाचा नसलेला माणूस मी बाहेर सोडू शकत नव्हते. तरी मी वॉचमनच्या टेबलावरचं गेटपासचं पुस्तक ओढलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: माझ्या चुकीसाठी. सही केली. वॉचमन वाचून म्हणाला, "बाप्पा! मॅडम, हे असंच लिवाचं काय?" मी म्हटलं, असंच.

मग मी साहेबांच्या खोलीत गेले. दोन्ही कागद त्यांच्या टेबलावर ठेवले आणि कुबडावर बोट ठेवलं. देविदासजी ट्रकच्या मागे गेलेत, हेही सांगितलं. वंजारी साहेब वाईट माणूस नव्हते. घाईत असलेले होते. त्यांना समजायला पाच मिनिटं लागली. मग त्यांनी गोळ्यांच्या कंपनीला फोन केला, की माल येत नाहीये. तिकडून जे बोलणं ऐकावं लागलं ते त्यांनी उभं राहून ऐकलं. फोन ठेवून ते मला म्हणाले, "शहापूरच्या पुढं गेला असला तर?"

भिंतीवरचं घड्याळ पाच वाजेपर्यंत गेलं, पुढे सरकलं. पाच वाजून दहा मिनिटांनी गेटवर हॉर्न वाजला. आधी मोटरसायकल आत आली, तिच्या मागे ट्रक. इक्बालभाई उतरून ओरडत होता, "अरे यार, चहा भी पूरी पीने नहीं दी! गाडी के सामने आडवा झाला हा, पागल आदमी! मैं समझा घर में कुछ हो गया."

देविदासजी शर्ट झटकत वर आले. धुळीने तो पार गेला होता. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "साहेब, उशीर झाला. पेशी आता होईन का उद्या?"

वंजारी साहेबांनी नोटीस ड्रॉवरमध्ये टाकली. "होणार नाही," एवढंच म्हणाले. ती फाडली नाही. कागद फाडायचे नसतात. ती त्यांच्या फाइलमध्ये आजही असेल, खाली 'रद्द' लिहिलेली.

त्यानंतर मला चौकशीचा अहवाल लिहायचा होता. साहेबांनी सुचवलं, "पुरवठ्यातली चूक लिहा मॅडम. खरंच आहे ना ते, खरेदीवाल्यांनी चुकीचा मागवला." खरं होतं. मी इंग्रजीत तसा मसुदा केलाही. छान, स्वच्छ मसुदा झाला होता, त्यात कुणीच काही केलेलं नव्हतं. सगळं आपोआप घडलं होतं.

जोडायला म्हणून मी टाकीची शेरा-वही मागवली. देविदासजी तिच्यात मराठीत लिहीत, गोल अक्षरात. सोमवारच्या पानावर होतं:

'व्हॉल्व्ह अडकला. थंड जलद झाले. दाणे बारीक. मॅडमले दाखवले.'

त्याखाली एक ओळ कोरी होती. मग पुढची नोंद.

मी वही उलटीपालटी केली. सतरा वर्षांच्या त्यांच्या नोंदी मी तपासल्या होत्या. देविदासजींनी कधी कोरी ओळ सोडली नव्हती. रेघ मारायची विसरलेही नव्हते. 'मॅडमले दाखवले' याच्या पुढे काय घडलं ते त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. ते लिहिलं असतं तर मंगळवारची नोटीस त्यांच्याऐवजी माझ्या टेबलावर आली असती. खोटं त्यांना लिहायचं नव्हतं आणि खरं लिहून मला अडकवायचं नव्हतं. म्हणून त्यांनी जागा ठेवली होती.

मी अहवालाचा मसुदा बाजूला सारला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिला: नव्या कॉलमवर डाव्या कुपीची चाचणी प्रयोगशाळा प्रमुखाने केली नाही, खाली माझं नाव. मग वहीतल्या त्या कोऱ्या ओळीवर, त्या दिवसाची तारीख घालून, मराठीत लिहिलं: 'मॅडमने पाहिले नाहीत.' सही केली.

त्याबद्दल मला लेखी ताकीद मिळाली आणि माझी शेवटची वेतनवाढ थांबली. ते योग्यच होतं. बॅच पुन्हा विरघळवली, देविदासजींनी सात तास घेऊन दाणे धरवले. त्यांची माफी मी तोंडाने मागितली नाही. कशी मागायची ते मला येत नव्हतं. ओळ लिहिली, एवढंच मला जमलं.

ओळ लिहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन वर आले. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, हे चुकीचं लिवलं हाय."

"काय चुकलं?"

"'पाहिले नाहीत' कुठं? गुरुवारी पाहिले ना. थ्या कागदावर पाहिले, पण पाहिले. वहीत बरोबर लिवाले पाहिजे." त्यांनी माझ्यासमोर पेन धरलं. "तुमीच शिकवलं. खोडाचं नाही. एक रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही."

मी 'मॅडमने पाहिले नाहीत' यावर एक आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: 'मॅडमने उशिरा पाहिले.' सही केली. तारीख घातली. मग देविदासजींनी पेन घेतलं आणि माझ्या सहीखाली आपली केली.